सिस्टर, तुमच्या लाल पेनातली ती बरोबरची खूण

आदरणीय सिस्टर,

परवा तुमच्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. माईक हातात घेतला आणि घसाच दाटून आला. "थँक्यू सिस्टर" एवढं कसंबसं म्हणून मी खाली बसले. राहिलेलं इथे लिहिते आहे, सगळ्यांसमोर, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते चार लोकांना कळायलाच हवं.

२००६ चा मे महिना. 'द दा विंची कोड' हा सिनेमा जगभर १९ मेला लागला. आपल्याकडे वादावादीत आठवडा गेला आणि मग तो 'ए' सर्टिफिकेट घेऊन, ही कथा काल्पनिक असल्याची पाटी लावून आला. गोव्यात, नागालँडमध्ये तर बंदीच घातली. मुंबईत निदर्शनं झाली, उपोषण झालं. मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गेले ती टॉम हँक्स आवडतो म्हणून. बाहेर आले ती हादरून. सिनेमात म्हटलं होतं की येशूचं त्याच्या अनुयायी मग्दालिया मरियेशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश पुढे चालला, येशू देव आहे हे निकेआ इथल्या बिशपांच्या महासभेत मतं घेऊन ठरलं आणि चर्चने खरं काय ते दडपून ठेवलं. राग तर आलाच. आपल्या प्रभूबद्दल कुणी असं पडद्यावर दाखवतं तेव्हा पोटात तुटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. पण रागाहून मोठी होती ती भीती. हे खरं असलं तर? लहानपणापासून मिस्सा, रोजरी, धर्मशिक्षणाचे वर्ग, सगळं केलेलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना एकीने सहज विचारलं, "काय गं, तुमचं सगळं बनावटच निघालं की!" तेव्हा माझ्याकडे द्यायला एक वाक्य नव्हतं.

मी विचारायला गेले. कुणाकडे ते लिहीत नाही, पण ज्यांच्याकडे गेले ते आमच्यातले जाणते मानले जात होते. एकाने विचारलं, "तू गेलीसच कशाला असला सिनेमा बघायला?" दुसरीने सांगितलं, पापनिवेदन कर आणि विसरून जा. सिनेमा दोघांनीही पाहिला नव्हता, आणि माझा प्रश्न तर ऐकूनही घेतला नाही. इतकी वर्षं झाली तरी याचं वाईट वाटतं. श्रद्धा डळमळलेलं माणूस दारात येतं तेव्हा त्याला आधी आत घ्यायचं असतं, फटकारायचं नसतं.

मे हा मरियामातेचा महिना असल्यामुळे मरोळला आमच्या गावठाणात क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोजरी असायची. तिथे तुम्ही माझा चेहरा पाहिलात आणि काय झालं विचारलंत. मी सगळं ओकून टाकलं. तुम्ही म्हणालात, "मी पाहिलेला नाही, म्हणून आज काहीच बोलणार नाही. शनिवारी आपण दोघी जाऊ."

आणि तुम्ही खरंच आलात! लोक वळून वळून बघत होते, तुम्हाला त्याचं काही नव्हतं. पर्समधून शाळेची वही काढलीत आणि अंधारात, ओळी वर-खाली होत, सिनेमातला एकेक दावा टिपत राहिलात. नंतर क्रुसाच्या चौथऱ्यावर दिव्याखाली बसून लाल पेन उघडलंत.

येशूच्या वंशाचं गुपित जपणारी 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ सालची गुप्त संघटना? फुली. पिएर प्लांतार नावाच्या माणसाने ती १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदवली आणि प्राचीन वाटतील असे कागद रचले. लिओनार्दोच्या 'शेवटचं भोजन' या चित्रात येशूशेजारी बाई? फुली. तो येशूचा तरुण शिष्य योहान, त्या काळचे चित्रकार त्याला बिनदाढीचाच काढत. निकेआत, इ.स. ३२५ मध्ये, येशू देव ठरला? फुली, आणि इथे तुम्ही चर्चचा नव्हे, रोमन अधिकाऱ्याचा दाखला दिलात. धाकट्या प्लिनीने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला कळवलं होतं की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं म्हणतात. म्हणजे निकेआच्या दोनशे वर्षं आधी!

मग पेन थांबलं. मग्दालिया मरिया वेश्या नव्हती, तो डाग तिला चर्चने लावला, असंही सिनेमात म्हटलेलं. तुम्ही त्याच्यापुढे ठसठशीत बरोबरची खूण केलीत. "हे त्यांचं बरोबर आहे," म्हणालात. "इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरींनी प्रवचनात तीन वेगवेगळ्या बायका एकच धरल्या आणि पापी बाईचं लेबल हिला चिकटलं. शुभवर्तमानात तसं कुठेही नाही. पुनरुत्थित प्रभूला पहिल्यांदा भेटली ती हीच."

सिस्टर, माझी श्रद्धा त्या खुणेने वाचवली. ज्या सिनेमाने तुमच्याही जिवाला लागलं होतं, त्याचंही एक खरं तुम्ही खरं म्हणालात. म्हणून बाकीच्या फुल्यांवर माझा विश्वास बसला. नुसत्या फुल्या असत्या तर मी मान डोलावून घरी गेले असते आणि आतून तशीच पोखरलेली राहिले असते. सज्जनपणा म्हणजे मला तेव्हापासून हेच वाटतं: समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकायचं आणि त्याच्या पदरात त्याचं माप नीट टाकायचं. माझ्या ऑफिसातल्या त्या मैत्रिणीनेही नंतर वही मागून घेऊन शेवटपर्यंत वाचली आणि "मी तसं बोलायला नको होतं" म्हणाली. अशी माणसं सगळ्या धर्मांत आहेत, म्हणून ही मुंबई राहण्याजोगी आहे.

२०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या मग्दालिया मरियेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की फोन कानापासून लांब धरावा लागला!

आता माझ्या मुलीने तोच सिनेमा मोबाइलवर पाहिलाय. तिचे प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहेत. बायबलमध्ये नसलेल्या फिलिपच्या शुभवर्तमानाबद्दल विचारते, जे मी तिच्या वयात ऐकलंही नव्हतं. तुमच्या नव्या मठाचा पत्ता मिळाला आहे. पुढच्या महिन्यात तिला घेऊन येते. वही आणि लाल पेन आम्ही आणू.

तुमची,
मरोळची एक विद्यार्थिनी