कुलपाचं नंतर बोलू

चि. राहुल,

रविवारी तू फोन ठेवलास आणि जेवला नाहीस असं स्नेहा म्हणाली, म्हणून हे टाईप करतेय. फोनवर आपण दोघंही ओरडतो, बाबांचंच रक्त. घराला कुलूप लावून तुझ्याकडे कायमचं राहायला यायचा विषय तेवढा मी काढणार नाहीये, तूही काढू नकोस.

पडले ते खरंय. पण फरशी ओली नव्हती रे, रात्री ताडकन उठले आणि डोळ्यापुढे अंधारी आली. डॉक्टरांनी झोपवून आणि उभं करून असं दोनदा बीपी बघितलं, उभं राहिलं की खाली येतंय म्हणाले, गोळी बदलली. आता आधी पलंगाच्या कडेला बसते, पाय हलवते, मगच उठते. कमोडशेजारी दांडा बसवायला सांगितला तर प्लंबरनं टॉवेलचा रॉड लावला, मी ओढून बघितला तर हातात आला! मग त्याच्याकडूनच जाड स्टीलचा घट्ट बसवून घेतला. रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस करते, मांड्यांत जोर पाहिजे.

आतून कडी आता घालत नाही, नुसतं लॅच. एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे आहे, सातला खिडकी उघडी दिसली नाही की त्या हाक मारतात. रात्री कधी भीती वाटतेच, नाही कशाला म्हणू.

तू पुराचं काढलंस. २०१९ ला आपल्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, ४५ ची धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली होती, तेव्हा अर्धी गल्ली आपल्या माडीवर होती, बाबा सगळ्यांना खिचडी वाढत होते आणि मीठ विसरले होते. घर बंद असतं तर कुठं गेली असती ती माणसं? बघ, आलंच कुलूप.

तुझंच बीपी बघ आधी, दिवसभर त्या खुर्चीत बसतोस, वडिलांना कितव्या वर्षी सुरू झालं माहितीये ना, चालायला जा, रात्री अकराला जेवू नको... झालं लेक्चर, सॉरी.

पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाऊन आले. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, कंडक्टर आधार बघून शून्याचं तिकीट देतो. शेजारच्या सीटवरच्या बाईला तुझ्या प्रमोशनचं सांगितलं, तिनं विचारलं नव्हतं.

थंडीत येते महिनाभर, पण परतीचं तिकीट आधी काढ. आणि एजंटला घर दाखवायला पाठवू नकोस रे, मागचा आला तो चपला घालून देवघरापर्यंत गेला.

भडंग पाठवलंय, पिंट्याचं कमी तिखट वेगळ्या पिशवीत आहे.

— आई