मीटर वाढवा, पण आधी टेप कुठून कुठे धरायची ते ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, मंदिर किंवा चर्चजवळ दारूचे दुकान नको, यावर बहुतेकांचे एकमत आहे. भांडण आकड्यावर आहे. कुणी म्हणते 75 मीटरचे 200 करा, कुणी म्हणते थेट 500. आकडा जाहीर सभेत बोलायला सोपा असतो आणि त्यावर टाळ्याही पडतात. पण या प्रश्नात हार-जीत ठरते ती आकड्याने नाही, मोजणीच्या रीतीने. त्या रीतीबद्दल फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रात परमिट रूमसाठी, म्हणजे बसून पिण्याच्या बारसाठी, मुंबई विदेशी मद्य नियम, 1953 आणि देशी दारूच्या दुकानासाठी महाराष्ट्र देशी मद्य नियम, 1973 लागू आहेत. शहरात ऐकू येणारा 75 मीटरचा आकडा या नियमांतून आला आहे. शेजारच्या गोव्यात तो 100 मीटर आहे. आता हे 75 मीटर कसे मोजायचे? दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपासून संस्थेच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपर्यंत, आणि तेही पायी माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने. कुंपणापासून नाही आणि सरळ रेषेतही नाही.

एक उदाहरण घ्या. शाळेचे फाटक आणि दुकानाचे दार समोरासमोर आहे. मध्ये 20 मीटर रुंद रस्ता आणि त्यावर दुभाजक. झेब्रा क्रॉसिंग 45 मीटर अंतरावर. मोजणी करणारा 45 मीटर जातो, 20 मीटर रस्ता ओलांडतो आणि 45 मीटर परत येतो. बेरीज 110. दुकान नियमात बसले! मुले मात्र दुभाजकाच्या फटीतूनच जातात. नियमातला ‘एरवी जातो ती वाट’ हा शब्दप्रयोग आक्षेप घेणाऱ्यांनी इथेच वापरायला हवा. दुभाजकातून रोजची ये-जा आहे हे शाळा सुटतानाच्या छायाचित्रांनी दाखवता येते. तसे दाखवले नाही, तर पंचनाम्यात क्रॉसिंगची वाट लिहिली जाते आणि पुढे तीच कायम राहते.

तंबाखूचा कायदा याच्या नेमका उलट आहे. 2003 च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत, सिगारेट-तंबाखू विकता येत नाही. ते अंतर संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी, त्रिज्येत मोजायचे असे नियमातच लिहिले आहे. त्यामुळे शाळेच्या मागच्या भिंतीला लागून असलेली पानटपरी बेकायदा ठरते आणि त्याच भिंतीला पाठ लावून उभे असलेले दारूचे दुकान कायदेशीर ठरू शकते, कारण त्याचे दार पलीकडच्या गल्लीत उघडते. दारूचे अंतर तंबाखूसारखे कुंपणापासून मोजा, एवढी एकच दुरुस्ती झाली तरी 75 चा आकडा न बदलता निम्म्या तक्रारी मिटतील असे मला वाटते. मागणी करायचीच असेल तर ही करा.

नुसता आकडा वाढवला तर काय होते, ते महामार्गांच्या बाबतीत आपण पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2016 रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करायला सांगितले. 31 मार्च 2017 रोजी 20 हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या ठिकाणी ते अंतर 220 मीटरवर आणले. लगेच पळवाटा सुरू झाल्या. राज्ये शहरांतल्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जाच काढून घेऊ लागली. केरळातल्या परावूरमध्ये एका बारने तर दारापर्यंत नागमोडी भिंतींचा भुलभुलैया बांधला, का तर चालत जायचे अंतर वाढावे! शेवटी जुलै 2017 मध्ये न्यायालयानेच खुलासा केला की नगरपालिका हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही. अंतर वाटेने मोजायचे ठरले की वाट लांबवणाराही मिळतोच.

शिवाय 75 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ होते साधारण 17,700 चौरस मीटर. 500 मीटरचे धरले तर 7 लाख 85 हजार, म्हणजे 44 पट. गिरगावात, पुण्याच्या पेठांत किंवा वांद्र्याच्या गावठाणात अशी वर्तुळे काढली तर ती एकमेकांवर चढतील आणि मोकळी जागा उरणार नाही. संपूर्ण दारूबंदी हवी असेल तर तसे सरळ म्हणावे, तो वेगळा आणि मोठा वाद आहे. वर्धा 1975 पासून आणि गडचिरोली 1993 पासून बंदीत आहेत, चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली. त्या वादाला अंतराच्या नियमाचा बुरखा घालू नये. अशक्य आकडा ठेवला की सवलती देण्याचा अधिकार मंत्रालयात जाऊन बसतो, आणि सवलत कुणाला मिळते हे सांगायला नको.

आता व्याख्यांकडे वळू. ‘शैक्षणिक संस्था’ म्हणजे स्थानिक संस्थेने अथवा शासनाने चालवलेली किंवा मान्यता दिलेली पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक शाळा आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. खासगी शिकवणी वर्ग यात धरत नाहीत. इमारतीच्या तळमजल्यावरचे खासगी नर्सरीचे वर्ग मान्यतेच्या अटीवर अडकतात. पालकांचा सगळ्यात मोठा भ्रमनिरास इथे होतो. तीनशे पोरे शिकणाऱ्या क्लासच्या खाली बार निघाला तरी अंतराचा नियम हाताशी येत नाही.

‘धार्मिक संस्थे’त मंदिर, मठ, मशीद, चर्च, सिनेगॉग, अग्यारी सगळे येते. अट एकच, ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या न्यासाच्या मालकीची किंवा व्यवस्थापनाखाली असली पाहिजे. वसईतल्या किंवा मुंबईच्या गावठाणांतल्या नाक्यानाक्यावरच्या क्रूसांचा प्रश्न यातून उभा राहतो. मुंबईतले कित्येक क्रूस 1896 च्या प्लेगच्या साथीनंतर उभारलेले आहेत, मे महिन्यात तिथे आळीतली माणसे जमून प्रार्थना करतात. पण क्रूस पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, न्यासाच्या मालमत्ता-यादीत नसेल तर कागदावर तो रस्त्याच्या कडेचा दगड आहे. पिंपळाखालच्या म्हसोबाचीही तीच गत. ही यादी अद्ययावत करणे हे न्यासाचे काम आहे. दुकानाची बातमी कानावर आल्यावर ते करायला घेतले तर उशीर झालेला असतो.

कारण अंतर पाहिले जाते ते परवाना देताना. शाळा किंवा मंदिर नंतर आले, तर आधीच्या दुकानाला धक्का लागत नाही. दुकान येणार म्हणून रातोरात देवळी उभारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्यात देवाचीही शोभा नाही.

आणखी एक गैरसमज. ‘आमच्या वॉर्डात नवीन वाइन शॉप आले’ असे लोक म्हणतात, तेव्हा ते बहुधा नवीन नसते. वाइन शॉप आणि देशी दारूचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून जवळजवळ थांबलेले आहेत. जुना परवाना हस्तांतरित होतो आणि दुसऱ्या जागी स्थलांतरित होतो. म्हणून ‘नवीन परवाना दिला आहे का?’ असा माहिती अधिकाराचा अर्ज केला तर ‘नाही’ असे खरे आणि निरुपयोगी उत्तर मिळते. विचारायचे ते ‘अमुक पत्त्यावर स्थलांतराचा प्रस्ताव आहे का, स्थळपाहणी अहवाल आणि नकाशाची प्रत द्या’ असे.

आक्षेपाचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक आणि जिल्हाधिकारी दोघांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. सोबत शाळेचा मान्यता आदेश आणि यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), न्यासाचा नोंदणी दाखला आणि परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा, दोन्ही दारे दिसतील अशी छायाचित्रे आणि हाताने काढलेला का होईना पण मापे लिहिलेला नकाशा जोडावा. भावनिक मजकूर एक परिच्छेद पुरे. अर्जात ठामपणे मागायचे ते म्हणजे शाळेच्या प्रतिनिधीसमोर संयुक्त मोजणी. मोजणीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी शिपायाला पाठवून चालत नाही. टेप कुठल्या फाटकापासून धरली हे पाहावे लागते. बऱ्याच शाळांना दोन फाटके असतात, एक पाटीचे आणि एक मुलांचे. पाटीच्या फाटकापासून 90 मीटर आणि मुलांच्या फाटकापासून 60, असे निघाले तर पंचनाम्यात दोन्ही मापे लिहायला लावावीत. तसे लिहिले जात नसेल तर सही करताना खाली आपला आक्षेप नोंदवावा. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही केली की अपिलात हातात काही उरत नाही. दुकानदारही दार फिरवतात. समोरचे शटर बंद करून बाजूच्या बोळात दार दाखवतात, परवाना मिळाल्यावर समोरचे शटर वर जाते. मंजूर नकाशात नसलेले दार उघडणे हा परवान्याच्या अटींचा भंग आहे, त्याची स्वतंत्र तक्रार करता येते. परवान्याचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, तेव्हा नूतनीकरणाआधी जानेवारी-फेब्रुवारीत केलेली तक्रार जास्त कामाची.

अंतराच्या नियमात दुकान बसत असेल तरी 2008 च्या आदेशाचा मार्ग राहतो, तो म्हणजे आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्क्यांनी सह्या केल्या की पडताळणी होऊन गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. इथे लोक गणितात फसतात. दुकान बंद करायला झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला लागतात. वॉर्डात 3,000 महिला मतदार असतील तर सह्या 750 आणि मते 1,501. मतदानाला 1,800 जणी आल्या आणि 1,450 जणींनी आडवी बाटली केली, म्हणजे 80 टक्के, तरी दुकान चालूच राहते. म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घेऊन मयत, लग्न होऊन गेलेल्या आणि दुबार नावांची छाननी करून ती वगळायचे अर्ज द्यावेत. तीच नावे शेवटी पाडतात.

आणि एक गोष्ट अंतराइतकीच महत्त्वाची. शाळेच्या वाटेवर मुलींना त्रास होतो तो बहुतेक वेळा दुकानातल्या बाटलीचा नसतो, दुकानाबाहेर उभ्याने पिणाऱ्यांचा असतो. वाइन शॉपपासून वीस पावलांवर चायनीजची गाडी, प्लास्टिकचे ग्लास, चकण्याच्या पुड्या. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम 68 असा गुत्ता चालवणाऱ्याला आणि कलम 84 तिथे पिणाऱ्याला लागू होते, कलम 85 सार्वजनिक जागी नशेत गोंधळ घालणाऱ्याला. यासाठी एकही मीटर मोजावा लागत नाही. अल्पवयीनाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत तशी पाटी दुकानात लावायला सांगितली आहे, आणि बालगृहापासून 200 मीटरच्या आत विक्री नको असेही म्हटले आहे. आपल्या भागातल्या किती दुकानांत ही पाटी आहे, हे शाळेच्या पालक-शिक्षक संघाने येत्या आठवड्यात एक चक्कर मारून पाहावे आणि नसेल तिथले छायाचित्र तारखेसह अधीक्षकांना पाठवावे.

आपला,
एक वाचक, वसई