बाबा, त्या पैशात काय काय येतं ते सांगते

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबा यांना सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "सकाळी चार-पाच तास फोटो काढायचे, त्याला एवढे पैसे कसे मागितलेस?" प्रश्न रास्त आहे आणि फोनवर उत्तर अर्धवटच राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. पुढच्या रविवारची दादरची मुंज हे माझं पैसे घेऊन करायचं पहिलं काम. फोटो बिघडले तर मुंज पुन्हा लावता येत नाही. बहुतेक पैसा ती वेळ येऊ नये यासाठीच खर्च होतो.

म्हणून कॅमेरे दोन लागतात. एक माझा, दुसरा दिवसाच्या भाड्याने. मंगलाष्टकं चालू असताना शटर अडकलं तर दुरुस्त करायला कुणी थांबत नाही, गळ्यातला दुसरा कॅमेरा उचलायचा. नवी महागडी लेन्स घेण्याआधी दुसऱ्या कॅमेऱ्याची सोय करावी, असं माझं ठाम मत आहे. भाड्याचा माल दुकानातच तपासून घ्यायचा. लेन्सच्या दोन्ही टोकांच्या काचा उजेडाकडे धरून बुरशी आणि ओरखडे पाहायचे, फोकस जवळ-लांब फिरवून पाहायचा, मेमरी कार्डाच्या खाचेतली पिन वाकलेली नाही ना ते बघायचं, आणि अनामत रकमेची पावती घ्यायची. मग दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायची. हे राहिलं तर संगणकावर फोटो वेळेनुसार लावताना भिक्षावळ मातृभोजनाच्या आधी येते आणि निस्तरताना रात्र जाते.

कॅमेऱ्यात कार्डं दोन, प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरतो. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा, न आवळलेला फोटो, साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांहून जास्त मावतात. अर्ध्या दिवसाच्या मुंजीत हजार-बाराशे फोटो निघतात, तेव्हा जागा पुरते. फोर्टातल्या बोरा बाजारात कार्डं, सेल, पट्टे सगळं मिळतं. पण नवं कार्ड कुठूनही घेतलं तरी एकदा काठोकाठ भरून सगळ्या फाइल उघडून पाहायच्या. बनावट कार्डावर लिहिलेली क्षमता खरी नसते आणि ते अर्ध्यावर आल्यावर जुने फोटो खायला लागतं. माझ्यासारख्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याची बॅटरी एका चार्जिंगमध्ये तीनशे ते चारशे फोटो देते, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला तीन-तीन. फ्लॅशला चार पेन्सिल सेल, तेही रिचार्ज होणारे. साध्या अल्कलाइन सेलवर फ्लॅश दोन चमकांच्या मध्ये जास्त वेळ घेतो.

खरी कसोटी हॉलच्या उजेडाची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर त्याहून जलद ठेवलं की कधी फोटोवर आडवे पट्टे, कधी अर्धा चेहरा पिवळा. उपाय म्हणजे शटर १/१०० सेकंदावर ठेवणं आणि कॅमेऱ्यातली फ्लिकर, म्हणजे दिव्यांची ही लुकलुक, टाळण्याची सोय चालू करणं. १/१०० ला पळणारी मुलं हललेली येतात, पण होमासमोर बसलेली माणसं नीट येतात. इलेक्ट्रॉनिक शटरला आवाज नसतो, त्यामुळे विधीच्या वेळी ते वापरायचा मोह होतो. पण पट्टे त्यातच सर्वात जास्त येतात, म्हणून तिथे साधं यांत्रिक शटरच बरं.

फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारायचा नाही. छताकडे किंवा मागच्या भिंतीकडे वळवला की उजेड पसरून खाली येतो. मात्र छत पांढरं हवं. हिरवं असेल तर चेहरे हिरवट होतात, आणि फार उंच असेल तर उजेड वरच विरतो. शिवाय फ्लॅश पांढरा आणि दिवे पिवळे, म्हणून फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावायचं, म्हणजे दोन्ही रंग जुळतात. होमाचा धूर सुरू झाला की फ्लॅश बंद. धुरावर पडलेला उजेड परत लेन्समध्ये येतो आणि सगळा फोटो दुधाळ दिसतो. तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची तीव्रता, ३२०० पर्यंत नेते. थोडे दाणे चालतात, चेहऱ्यावरचा ज्वाळांचा उजेड घालवलेला चालत नाही.

आई, विधींचा भाग तुला माझ्याहून चांगला ठाऊक आहे, पण उभं कुठे राहायचं हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी सकाळी पहिल्यांदा गुरुजींना भेटायचं. बटू कुठे बसेल, कुठल्या दिशेला तोंड असेल, चौल, म्हणजे केस काढण्याचा विधी, कुठे होईल, हे त्यांनाच माहीत असतं. मातृभोजनाला जमिनीवर बसून, ताटाच्या उंचीवरून फोटो घ्यायचा. उभ्याने घेतला तर आईचा चेहरा दिसत नाही, फक्त केस आणि गजरा दिसतो. अष्टवर्गाची मुलं जेवताना फार छान दिसतात, तेव्हा एक डोळा तिकडेही ठेवायचा. मंगलाष्टकांना अंतरपाटाच्या कडेला, कापडाच्या रेषेत उभं राहिलं तर एका बाजूला वडील आणि दुसऱ्या बाजूला बटू, दोघंही दिसतात. व्हिडिओवाल्यालाही नेमकी तीच जागा हवी असते. त्याच्याशी सकाळीच बोलून घ्यायचं, कारण पडदा दूर होतो तो क्षण एका श्वासाएवढा असतो. अक्षता हवेत गोठवायच्या तर शटर १/५०० लागतं. तेवढ्यापुरता पट्ट्यांचा धोका पत्करायचा.

गायत्रीचा उपदेश उपरण्याखाली होतो. तिथे फ्लॅश नाही, जवळ जाणं नाही. लांबून ७०-२०० मिलिमीटरच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने दोन फोटो घ्यायचे आणि थांबायचं. तो वडील-मुलाचा वेळ आहे. भिक्षावळीत मात्र दोन्ही कॅमेरे लागतात. पहिली भिक्षा आईची, तेव्हा तिच्या मागून बटूचा चेहरा आणि मग बाजूने तिचा. नंतरच्या ओळीत प्रत्येक मावशी-आत्या-काकूचा एक तरी फोटो हवाच, कारण अल्बम आला की प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो.

एकत्र फोटोंसाठी घरातला एक जाणता माणूस आधीच मागून घ्यायचा, हाताशी नात्यांची यादी घेऊन. दोन ओळी असतील तर लेन्सचं छिद्र एफ/५.६, तीन असतील तर आणखी लहान, एफ/८, नाहीतर मागची आजी पुसट येते. प्रत्येक गटाचे किमान पाच फोटो, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेले असतातच. आणि पंगत बसायच्या आधी. जेवल्यावर माणसं सापडत नाहीत.

प्रवासाची काळजी करू नका. रविवारच्या मेगाब्लॉकचं, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याचं, वेळापत्रक शनिवारीच पाहीन. सकाळी लवकर गाड्यांना गर्दी कमी असते, परतीला टॅक्सी, तीही हिशोबात धरली आहे. मुंबईच्या दमट हवेत एसी हॉलमधून बाहेर आलं की थंड काचेवर लगेच पाणी धरतं. तेव्हा कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटं बंद बॅगेतच राहू द्यायचा. पुसत बसलं तर पुन्हा धरतं.

बाबा, तुमचे ते चार-पाच तास इथे संपतात आणि उरलेलं काम घरी सुरू होतं. त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर प्रती, तिसरी क्लाउडवर, आणि फोटो यजमानांच्या हाती जाईपर्यंत कार्डं पुसायची नाहीत. हजारातून साडेतीनशे निवडायचे, प्रत्येकाचा रंग सुधारायचा, मग १२ बाय ३६ इंचाच्या पानांचा करिझ्मा अल्बम, म्हणजे फोटो थेट पानांवर छापलेला अल्बम, लावायचा. याला आठवडा सहज जातो.

पैसे तीन टप्प्यांत ठरले आहेत: निम्मे आगाऊ, चाळीस टक्के मुंजीच्या दिवशी, बाकी अल्बम देताना. करारपत्र लेखी करते आहे, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काम देणाऱ्याचा असतो. नमुना म्हणून दहा फोटो मला दाखवता यावेत हे त्यात लिहिलं आहे, आणि बटू लहान असल्याने त्याच्या आई-वडिलांची संमती वेगळी घेतली आहे.

मसुदा सोबत पाठवते. बाबा, कार्यक्रम रद्द झाला किंवा मुहूर्त पुढे गेला तर आगाऊ रकमेचं काय, ते पाचवं कलम तुम्ही नीट वाचा. माझी भाषा तिथे मोघम वाटते आहे. शुक्रवारपर्यंत कळवा, शनिवारी सह्या आहेत.

तुमची लेक