केळी वेफर्सवाल्या भाऊ-वहिनींचे जाहीर आभार

सावद्याचे भाऊ आणि वहिनी,
स. न. वि. वि.

नाव आणि रक्कम छापू नका, असं तुम्ही बजावलंत. तेवढं पाळतो. बाकीचं लिहू द्या. ब्रेन ट्यूमरच्या संशोधनासाठी पैसे उभे करताना हिशेब कसा ठेवावा, हे खानदेशातल्या इतर दुकानदारांनाही कळू दे.

"नफ्यातले अमुक टक्के देऊ," असं बहुतेक जण म्हणतात. नफा कळतो वर्षअखेरीला, तोही सीएला. केळीचा भाव बऱ्हाणपूरच्या बोलीवर रोज हलतो, किलोभर वेफर्सला चारेक किलो कच्ची केळी लागतात, वरून तेल. तुम्ही 200 ग्रॅमच्या पाकिटामागे सरळ 5 रुपये ठरवले आणि पाकिटावर छापले. भाव चढो की पडो, 5 म्हणजे 5. गिऱ्हाइकाला गुणाकार येतो, तेवढं पुरे. जीएसटीही पूर्ण किमतीवर भरलात, 5 रुपये वजा करून नाही. इथे भलेभले घसरतात.

गल्ल्याशेजारचा डबा वेगळा ठेवलात, हेही मोलाचं. पाकिटांचे पैसे धंद्याचे, त्यांची पावती दुकानाच्या नावे. डब्यातले पैसे लोकांचे. दोन्ही एकत्र झाले की लोकांच्या देणगीवर दुकानदार करसवलत घेतोय असं दिसतं. स्वतःच्या नावे पावती मागणाऱ्यांना तुम्ही थेट संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड दाखवलात. 2000 रुपयांच्या वर रोख देणाऱ्यांनाही तोच, कारण तेवढ्या रोख देणगीला सवलत मिळत नाही.

सगळ्यांत जास्त आभार मात्र चेकसोबतच्या एका ओळीचे: "फक्त संशोधनासाठी." ती नसती तर रक्कम सर्वसाधारण निधीत गेली असती. उपचारासाठी मागितलं की गाव धावून येतं. समोर रुग्ण असतो. संशोधनात दाखवायला काय, तर एक फ्रीझर! पण ग्लायोब्लास्टोमा या अतिशय घातक गाठीवर 2005 पासून मूळ उपचार तोच आहे: ऑपरेशन, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. त्या वर्षीच्या चाचणीत एवढं करूनही निम्मे रुग्ण 15 महिनेसुद्धा जगले नाहीत. गाठीच्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत पसरलेल्या असतात, बरीचशी औषधं रक्तातून मेंदूत शिरतच नाहीत, आणि एकाच गाठीत पेशींचे अनेक प्रकार. एक मेला की दुसरा फोफावतो. हे उलगडायचं तर काढलेल्या गाठीचा तुकडा, रुग्णाच्या लेखी संमतीने, लगेच गोठवून उणे 80 अंशांत ठेवावा लागतो. ऑपरेशन थिएटरात तो पडून राहिला की त्यातला आरएनए (पेशीत जनुकांचा निरोप नेणारा रेणू) तुटायला लागतो आणि काही तपासण्या वायाच जातात. मग त्या फ्रीझरला चोवीस तास वीज हवी, बॅकअप हवा. लाइट जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण बॅकअपसाठी देणगी मागून बघा!

पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो. 8 जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिवस, म्हणून विक्री तेव्हा सुरू केलीत. नेमका त्याच सुमारास मृग लागतो, हवा दमट होते. वेफर्स कोमट असताना भरले की आत वाफ धरते आणि सीलला सुरकुती असली की बाहेरची हवा शिरते. मऊ पडून परत आलेली पाकिटं त्यातलीच. पूर्ण निवल्यावरच भरा, सीलिंग मशीनची पट्टी रोज पुसा. आणि परत आलेल्या पाकिटांचेही 5 रुपये तुम्ही दिलेत, ते देऊ नका. शब्द विकलेल्या पाकिटांचा होता.

पावती सोबत जोडली आहे. तिच्यावरचा पॅन नंबर तेवढा तपासून घ्या.

आपले,
देणगी संकलन करणारे कार्यकर्ते, जळगाव