बाटल्या भरण्याआधी हे वाच

वाई, ९ मार्च

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. वायंगणातले, म्हणजे भातानंतरच्या पिकातले, टोमॅटो रोज चार-पाच किलो निघतायत, वाडीत वाटून झाले, आता वहिनी रस आटवून बाटल्या भरणार आणि फडताळात ठेवणार, एवढं वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. वहिनींना म्हणावं, दोन दिवस थांबा.

गेल्या वर्षी मीही अगदी हेच केलं. परसातल्या सोळा झाडांनी एका आठवड्यात चौदा किलो माल दिला. आईने पहाटे उठून एकेक देठ काढलं, डागाळलेले बाजूला केले. रस उकळला, धुतलेल्या बाटल्यांत गरमागरम ओतला, झाकणं घट्ट लावली. नऊ बाटल्या झाल्या. तीन आठवड्यांनी एकीचं झाकण मधोमध फुगलेलं दिसलं. फिरवलं तर फस्स करून फेस वर आला आणि आंबूस भपकारा. नऊच्या नऊ बाटल्यांतला रस परसात खड्डा काढून पुरला. आई काही बोलली नाही, पण खड्डा बुजेपर्यंत तिथेच उभी होती. तेव्हा ठरवलं, हे नीट समजून घ्यायचं.

आपल्याला वाटतं टोमॅटो आंबट, त्याला काय होणार? पण तो पुरेसा आंबट असेलच असं नाही. मातीचा सामू (pH) आपण तपासतो ना, तसाच फळाचाही असतो; आकडा जितका कमी, तितकं फळ आंबट. टोमॅटोचा सामू साधारण ४.३ ते ४.९ मध्ये फिरतो, आणि बाटलीबंद पदार्थाची सीमा आहे ४.६. सामू त्याच्या खाली असला की बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढत नाहीत. वर गेला आणि बाटलीत हवा नसली, तर ते जंतू विष तयार करू शकतात. त्या विषाला वास नाही, चव नाही. माझी बाटली फुगली म्हणून मला कळलं तरी. न फुगणारी बाटली मुलांच्या ताटात गेली असती, हा विचार अजून मनातून जात नाही. आणि फळ जास्त पिकलं की आंबटपणा आणखी उतरतो, म्हणजे आपण रसासाठी जे हौसेने निवडतो, नेमकं तेच.

उपाय सोपा आहे. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत चहाचा पाव चमचा सायट्रिक ॲसिड घालायचं. वाणी त्याला लिंबूसत्व म्हणतो. घरचं लिंबू पिळू नका, एक लिंबू दुसऱ्यासारखं आंबट नसतं. चवीला साखर चालेल. पण कांदा, लसूण, मिरची बाटलीत अजिबात नको, त्यांनी सामू वर चढतो. ती सगळी आमटी करताना फोडणीत पडू देत.

टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून गार पाण्यात काढले की साल हाताने सुटते. रस स्टीलच्या पातेल्यातच आटवा, ॲल्युमिनियमच्या नको. अर्ध्या लिटरला सव्वा किलोच्या आसपास टोमॅटो लागतात. बाटली काठोकाठ भरू नका, अर्धा इंच मोकळी ठेवा. झाकणं नवीनच घ्या, मी जुनी वापरली होती. मग खोल पातेल्यात तळाला फडकं घालून बाटल्या उभ्या करायच्या, झाकणांवर इंचभर पाणी हवं, आणि खळाखळा उकळी आली की तिथून वेळ मोजायची. तुमच्या चिपळूणला ३५ मिनिटं. वाई सातशे मीटरवर आहे, इथे पाणी थोडं कमी तापमानालाच उकळतं, म्हणून आम्ही ४० धरतो. गार झाल्यावर झाकणाचा मध्य दाबून बघ. टक्‌टक् वर-खाली होत असेल तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून लगेच संपवायची.

आता माझ्या आवडीचं सांगतो. यंदा आईच्या हट्टाने निम्मे टोमॅटो वाळवले. गावरान रसाळ टोमॅटो यासाठी पाणचट पडतो. राहुरीच्या विद्यापीठाचं भाग्यश्री वाण मी मुद्दाम लावलं होतं, गर भरपूर, बी कमी. बोटाच्या पेरापेक्षा पातळ चकत्या, किंचित मीठ, वर मलमलचं फडकं. पहिल्या संध्याकाळी चकत्या ओल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी कडा आत वळल्या, बियांभोवतीचा रस मधासारखा चिकट झाला, आणि गच्चीवर असा वास सुटला की शेजारच्या काकू जिना चढून विचारायला आल्या. दिवस मावळायच्या आत सगळं घरात घ्यायचं, दंव लागलं की केलेलं फुकट जातं. चौथ्या दिवशी चकती दुमडली तर कट्‌कन मोडली. चार किलोंचे पाव किलोच्या आसपास उरले!

वाळले म्हणून लगेच डबा बंद करू नकोस. आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवून रोज हलवायचे, काचेला आतून दमटपणा दिसला तर परत उन्हात. मग दोन दिवस फ्रीझरमध्ये, म्हणजे उन्हात बसलेल्या किड्यांची अंडी मरतात. पूड लागेल तेवढीच करावी, नाहीतर गोळा होतो. आमटीत एक चमचा टाकली की चिंचेची आठवण येत नाही.

तुमच्याकडची हवा दमट, त्यामुळे वाळवणाला वेळ लागेल. पण आमसुलांना पुटं देऊन, म्हणजे पुन्हा पुन्हा रसात भिजवून वाळवून, तीच हवा तुम्ही दरवर्षी जिंकता, तुमच्या घरच्या काकूंना विचार, त्यांना उन्हाचा अंदाज आपल्यापेक्षा चांगला आहे. ऊन कमी पडलं तर मात्र हट्ट न करता बाटल्यांकडेच वळा. २०२३ च्या जुलैत किलोला शंभर रुपयांच्या वर मोजून टोमॅटो घेताना आपण फोनवर किती हळहळलो होतो, आठवतं ना? त्याच वर्षी मे महिन्यात नाशिककडे शेतकऱ्यांनी भावाअभावी रस्त्यावर ओतले होते. तेव्हापासून घरचा एकही टोमॅटो मला वाया घालवावासा वाटत नाही.

भाचा शनिवारी कुंभार्लीमार्गे तुमच्याकडे येतोय. त्याच्याबरोबर वाळवलेल्या चकत्यांचा डबा आणि लिंबूसत्वाची पुडी पाठवतो. पुडी पोहोचल्यावरच बाटल्या भरा. डब्यातून परत काय पाठवायचं ते वहिनी ठरवतीलच, आईने मात्र आमसुलांचं नाव आत्ताच घेतलंय.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
वाईकर