शिकागोला गेलात तर पायऱ्या चढून आत जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिका टूरवरचा लेख वाचला. न्यूयॉर्कला अर्धं पान, लास वेगासला पाव पान आणि शिकागोला मोजून चार ओळी! बीन नावाच्या चकचकीत स्टीलच्या शिल्पासमोर फोटो, उंच टॉवरवर काचेच्या खोक्यात उभं राहून आणखी एक फोटो, नेव्ही पिअर, रात्री डेव्हन ॲव्हेन्यूला जाऊन आपलं जेवण, की झालं शिकागो. लेख लिहिणाऱ्याला दोष देत नाही, टूरवाले एवढंच दाखवतात. मी स्वतः पहिल्यांदा असाच गेलेलो, बस आर्ट इन्स्टिट्यूट ह्या चित्रांच्या म्युझियमच्या त्या दोन ब्राँझच्या सिंहांसमोर थांबली, गाइड म्हणाला इथे विवेकानंदांनी भाषण केलं, वीस मिनिटं आहेत, फोटो काढून घ्या. सगळ्या बसने सिंहांसोबत फोटो काढले आणि आत एकही माणूस गेला नाही, मीसुद्धा नाही. दुसऱ्या खेपेला मुलीकडे दोन महिने राहिलो तेव्हा कळलं आपण काय सोडून आलेलो, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त विटांच्या इमारतीचं कापू नका.

तर आधी त्या पायऱ्यांचंच. 1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याच्या जोडीने सर्वधर्म परिषद झाली ती ह्याच इमारतीत, तेव्हा इमारत अगदी कोरी होती. 11 सप्टेंबरला विवेकानंद बोलले ते आपल्याला शाळेपासून पाठ असतं, पण त्या परिषदेत मुंबईहून ब्राह्मो समाजातर्फे बी. बी. नगरकर पण गेले होते हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये? मलाही नव्हतं. भाषण झालं तो हॉल तात्पुरता उभारलेला, आता तो नाही, त्यामुळे नेमकी ती जागा शोधत फिरू नका. पण आतला मोठा जिना आहे ना, त्याच्या पायऱ्यांवर 2010 साली आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी विवेकानंदांचं अख्खं भाषण एलईडी दिव्यांनी लिहिलं होतं, 118 पायऱ्या, आणि अक्षरांचे रंग कुठले तर अमेरिकन सरकार अतिरेकी हल्ल्याचा धोका किती ते सांगायला जे पाच रंग वापरायचं ते. 11 सप्टेंबर 1893 ला धर्मांधता संपू दे असं म्हणणारं भाषण आणि 11 सप्टेंबर 2001, दोन्ही एकाच जिन्यावर. मी गेलो तेव्हा दिवे नव्हते, नुसता जिना होता, तरी दोनदा चढलो-उतरलो, बायको म्हणाली गुडघ्यांचा विचार करा.

बाकी आत सुरा नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं ते ठिपक्याठिपक्यांचं भलंमोठं चित्र आहे, हॉपरचं रात्रीच्या हॉटेलातली एकटी माणसं असलेलं चित्र आहे, शागालच्या निळ्या काचेच्या खिडक्या आहेत. चित्रांतलं मला फारसं कळत नाही पण त्या निळ्या खिडक्यांसमोरच्या बाकावर अर्धा तास बसलो हे कबूल करतो.

आता इमारती. मी जन्मभर बांधकाम खात्यात नोकरी केली त्यामुळे माझं शिकागो म्हणजे हेच. 1871 च्या ऑक्टोबरात ह्या शहराला आग लागली, तीनेकशे माणसं गेली, लाखभर लोकांची घरं गेली, मधलं शहर साफ झालं. मग जे नवं बांधायला घेतलं त्यातून गगनचुंबी इमारत जन्माला आली, 1885 ची होम इन्शुरन्स बिल्डिंग, फक्त 10 मजली, पण बराचसा भार भिंतींऐवजी लोखंडी-पोलादी सांगाड्यावर. ती 1931 मध्ये पाडली, आपण नावं ठेवतो आपल्याकडे जुनं पाडतात म्हणून, तेही कमी नाहीत.

पण मोनॅडनॉक बिल्डिंग उभी आहे, जॅक्सन आणि डिअरबॉर्नच्या कोपऱ्यावर, आणि ती कुठल्याही टूरच्या यादीत नसते. हिचा उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 चा, 16 मजले आणि मुख्य भार बाहेरच्या विटांच्या भिंतीवर, म्हणजे तळमजल्याला भिंत किती जाड असेल सांगा? 6 फूट! मी हात लावून बघितला, खिडकीचा कोनाडा एवढा खोल की त्यात खाट बसेल. एवढं वजन मातीवर, इमारत खचणार हे धरूनच बांधलेली, पण खचली ती अंदाजापेक्षाही जास्त. आणि दक्षिणेकडचा अर्धा भाग 1893 चा, तो पोलादी सांगाड्यावर, तिथे भिंत सडपातळ आणि खिडक्या मोठ्या. दोनच वर्षांचं अंतर हो! एकाच फुटपाथवरून चालत गेलात तर दोन मिनिटांत विटेचं युग संपून पोलादाचं सुरू होतं. मी कॉलेजात हे फळ्यावरच्या आकृतीत शिकलेलो, तिथे ते रस्त्यावर उभं होतं आणि लोक कॉफीचे कप घेऊन बाजूने चाललेले, कोणी मान वर करून बघत नव्हतं.

विलिस टॉवरवर लोक जातात, जाऊ दे, मीही गेलो. पूर्वीचा सीअर्स टॉवर, 110 मजले, 442 मीटर, 1998 पर्यंत जगातला सगळ्यात उंच. 103 व्या मजल्यावर काचेची खोकी बाहेर काढलेली आहेत, त्यात उभं राहिलं की पायाखाली थेट रस्ता. रांग मात्र मरणाची, आणि वर गेल्यावर काचेत उभं राहायला मिळतं जेमतेम मिनिटभर. पण हा टॉवर उभा कशामुळे आहे हे गाइड सांगतच नाहीत. ते डिझाइन फझलुर रहमान खान यांचं, जन्म ढाक्याचा, 1929 चा. त्यांनी काय केलं तर नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून जुडी बांधावी तशी बांधली आणि एकेक नळी वेगवेगळ्या उंचीला थांबवली, दोन 50 व्या मजल्याला, दोन 66 व्याला, तीन 90 ला आणि फक्त दोन शेवटपर्यंत. एकटी काडी वाऱ्याने वाकते, जुडी वाकत नाही, हिशेब तोच. ह्यामुळे स्टीलही कमी लागलं. तळ्याकाठचा पूर्वीचा जॉन हॅनकॉक टॉवरपण त्यांचाच, 100 मजली, बाहेरून मोठमोठ्या फुल्या मारलेला, त्या फुल्या शोभेच्या नाहीत, वारा त्याच पेलतात. तर माझं म्हणणं, दोन्हींवर तिकीट काढून चढू नका, एकावर चढा आणि दुसरा लांबून बघा. हॅनकॉकवरून सूर्यास्ताला मिशिगन तलाव दिसतो, मी तर तोच निवडेन. तलाव कसला, समुद्रच तो, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळूचा बीच आहे, फक्त पाणी गोडं.

नदीवरची बोट मात्र चुकवू नका, ह्या एका गोष्टीवर डॉलर खर्च करा. बोटी बऱ्याच असतात, पण आर्किटेक्चर सेंटरची घ्या, दीड तास, माहिती सांगणारे व्हॉलंटियर असतात आणि मनापासून सांगतात. आमच्या बोटीवरच्या आजी पंच्याहत्तरीच्या तरी असतील, दीड तास उभ्या राहून बोलत होत्या. मक्याच्या कणसासारखे दोन गोल टॉवर दिसतात ते मरीना सिटी, खालचे 19 मजले नुसत्या गाड्यांचे, गाड्या अगदी काठाला उभ्या, बघून पोटात गोळा येतो. आणि ही नदी उलटी वाहते हे माहितीये का? आधी ती तलावात जायची, शहराची सगळी घाण घेऊन, आणि पिण्याचं पाणी त्याच तलावातून. मग कालवा खोदून 1900 साली त्यांनी नदीचं तोंडच फिरवलं, आता ती मिसिसिपीच्या दिशेने जाते. घाण खालच्या गावांकडे पाठवली असंही म्हणता येईल, खालचं मिसुरी राज्य कोर्टात गेलं होतं ह्यावरून. आमच्या आजींनी तेही सांगितलं, लपवलं नाही.

बीनबद्दल थोडकंच. ते केलं अनिश कपूर यांनी, जन्म मुंबईचा, 168 स्टीलच्या प्लेटा जोडल्यात आणि सांधा एक दिसत नाही, वेल्डिंग करणाऱ्यांना माझा दंडवत. सकाळी लवकर जा, नऊनंतर तिथे स्वतःचं प्रतिबिंबसुद्धा गर्दीत शोधावं लागतं. रस्ता ओलांडला की समोर कल्चरल सेंटर आहे, 1897 ची पूर्वीची लायब्ररी, आत 38 फूट व्यासाचा रंगीत काचेचा टिफनी घुमट, तिकीट शून्य. तिथे त्या दिवशी आम्ही दोघं आणि एक पेपर वाचणारे आजोबा, बस्स.

फील्ड म्युझियममध्ये सगळी पोरं सू नावाच्या टी-रेक्स डायनोसॉरकडे पळतात, बरोबरच आहे, 90 टक्के खरी हाडं आहेत. पण तिथेच त्सावोचे दोन नरभक्षक सिंह आहेत, पेंढा भरलेले, आयाळ नसलेले, आकाराने जरा फसवणारे कारण पंचवीसेक वर्षं त्यांच्या कातड्यांचे गालिचे करून वापरलेले. 1898 साली केनियात रेल्वेचा पूल बांधताना ह्यांनी जे मजूर खाल्ले त्यांत कितीतरी आपल्या हिंदुस्थानातून नेलेले होते. काचेसमोर उभं राहिल्यावर वाटलं, सिंहांची गोष्ट सगळे सांगतात, त्या मजुरांची नावं कुठेतरी असतील का.

त्यावरूनच शेवटचं ठिकाण. 1 मे आपल्याला महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून माहीत, तो कामगार दिन आला शिकागोतूनच. 1886 च्या 1 मे ला आठ तासांच्या कामासाठी संप झाला, 3 तारखेला पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, 4 तारखेला हेमार्केटला निषेधाची सभा, तिथे बाँब पडला, सात पोलीस गेले, कामगारही गेले. बाँब कोणी टाकला ते आजवर सिद्ध झालं नाही पण खटला आठ जणांवर चालला आणि चौघांना फाशी. डेस्प्लेन्स स्ट्रीटवर त्या जागी 2004 साली बसवलेलं शिल्प आहे, एक मोडकी घोडागाडी आणि वर भाषण करणारी माणसं, कारण वक्ते त्या रात्री गाडीवर उभे राहूनच बोलत होते. खाली चौथऱ्यावर जगभरच्या कामगार संघटनांनी आणून लावलेल्या पाट्या आहेत. गंमत बघा, अमेरिकेत 1 मे ला सुट्टी नसते, त्यांचा लेबर डे सप्टेंबरात. मुलीच्या ऑफिसपासून हे ठिकाण चालत दहा मिनिटं, तिला सहा वर्षांत पत्ता नव्हता.

फिरायला गाडी लागत नाही. ओहेअर विमानतळावरून ब्लू लाइन थेट शहरात येते, आणि लूप म्हणजे शहराच्या मध्यभागातली रेल्वे तर रस्त्याच्या वरून, लोखंडी खांबांवर, इमारतींच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना घासत जाते, 1897 पासून. ब्राऊन लाइनमध्ये बसा आणि एक पूर्ण फेरी मारा, टूर बसपेक्षा स्वस्त आणि खडखडाट फुकट. लिंकन पार्क झू पण फुकट. मे ते ऑक्टोबर जा, थंडीत नदीवरच्या बोटी बंद असतात आणि तलावावरून वारा असा येतो की म्युझियम सोडून कुठे जावंसं वाटत नाही.

आणि हो, पुरवणीत पुढच्या वेळी शिकागो छापलंत तर एवढं टाका, आर्ट इन्स्टिट्यूट मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं. आमची टूरची बस तिथे थांबली तो मंगळवार होता, हे मला दुसऱ्या खेपेला दारावरची पाटी वाचून कळलं.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त, बांधकाम खातं)