काकू, त्या थर्मामीटरबद्दल

काकू,

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, मी आभार म्हटलं की "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच लेकीची शाळा, तिचा खोकला, जेवण नीट जातंय का यावर गाडी नेता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. चार वर्षं राहून गेलंय, आता अजून राहायला नको.

काल रमचा फ्रूटकेक झाला. वरून सपाट, कडा न करपलेल्या, आणि विणकामाची सुई मध्यभागी खुपसली तर कोरडी बाहेर आली, फक्त टोकाला एका मनुकेचा चिकटा. गार होईपर्यंत टिनमध्येच ठेवला, मग बटर पेपरात गुंडाळला आणि त्यावर फॉइल, तुम्ही गुंडाळायचात तसा. आणि गुंडाळताना एकदम तो चार वर्षांपूर्वीचा २२ डिसेंबर आठवला.

तुम्हाला आठवत असेल का माहीत नाही. त्या संध्याकाळी माझा दुसरा केक वाया गेला होता. पहिला आदल्या दिवशी. दोन्ही सारखेच, वर डोंगरासारखे फुगून मधोमध फुटलेले, कडा जवळजवळ काळ्या, आणि सुरी घातली तर आत ओलं पीठ. पाऊण किलो सुका मेवा, आठ दिवस भिजवलेला, त्यातला अर्धा एका केकमध्ये गेला, अर्धा दुसऱ्यात. त्याच्या आदल्या वर्षीही असंच झालं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही, म्हणजे डिसेंबर आला की मला उत्साहाच्या आधी भीतीच वाटायची. घरचे चांगले, ते म्हणायचे विकत आणू, काय बिघडतंय. पण मला घरात तो वास हवा होता, लवंग, दालचिनी, संत्र्याची साल, भाजलेलं लोणी, सगळं एकत्र, आणि तो लेकीला तिच्या घरचा वास म्हणून आठवावा असं वाटायचं. मी मनाशी पक्कं धरलं होतं की माझ्या हाताला बेकिंग नाहीच.

जळल्याचा वास जिन्यातून वर तुमच्यापर्यंत आला आणि तुम्ही बेल वाजवलीत. मी दार उघडलं तेव्हा माझे डोळे लाल होते, तुम्ही त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. थेट किचनमध्ये आलात, केककडे बघितलंत, त्याची फुटलेली भेग बोटाने दाबून बघितलीत आणि विचारलंत, "डायल कितीवर होती?" मी म्हटलं १५०. "दार किती वेळा उघडलंस?" एकदाही नाही. "ओव्हन आधी तापवलास?" हो, ओव्हनवरचा लाइट जाईपर्यंत. मग तुम्ही म्हणालात, "थांब, आधी ओव्हन तपासू. तुझं नंतर बघू." आणि वर जाऊन तो छोटा थर्मामीटर घेऊन आलात, काच तपकिरी पडलेला, वरती हूक असलेला, मधल्या जाळीला लटकवायचा.

आपण डायल १५० वर ठेवून बसलो. लाइट गेला. तुम्ही म्हणालात आता अजून वीस मिनिटं, लाइट गेला म्हणजे आतली हवा तापली, भिंती अजून तापायच्यात. वीस मिनिटांनी दार किंचित उघडून बघितलं तर काटा १८० च्या पुढे. परत दहा मिनिटांनी बघितलं, १८० च्या आसपासच. घरातला ओव्हन सतत चालू-बंद होत राहतो, काटा थोडा खालीवर होणारच, तुम्ही म्हणालात, पण हे थोडं नाही, हे सरळ तीस डिग्री जास्त आहे. मग मला समजावून सांगितलंत की केक का फुटतो. बाहेरून फार लवकर तापला की बाहेरची पापडी आधी घट्ट होते, आतलं पीठ मागाहून फुगतं, त्याला वर जायला जागा नसते, मग ते मधून फोडून बाहेर येतं. फ्रूटकेक तर जड, त्यात फळंच पिठापेक्षा जास्त, त्याला मंद आणि लांब आच लागते, अडीच-तीन तास, तेवढ्या वेळात तीस डिग्रीचा फरक म्हणजे कडा कोळसाच.

"चूक तुझी नव्हती गं." एवढंच म्हणालात आणि डायल १२० च्या जरा पुढे सरकवलीत.

काकू, तुम्ही कितीतरी वर्षं बेकरीच्या किचनमध्ये काम केलेलं, तुमच्यासाठी ती रोजची गोष्ट असेल. माझ्यासाठी नव्हती. तीन वर्षं मी रेसिपी बदलत होते, मैदा बदलत होते, टिन बदलत होते, अंडी कमीजास्त करत होते, आणि सगळ्याच्या शेवटी स्वतःलाच दोष देत होते. आधी यंत्राकडे बघायचं हे कोणीच सांगितलं नव्हतं. रेसिपीत तर लिहिलेलं असतं १५० वर ठेवा, पण तुमच्या घरातलं १५० खरंच १५० आहे का हे कुठे लिहिलेलं असतं?

त्या रात्री तुम्ही केक करून दिला असता तर मी तेव्हाही आभार मानले असते आणि पुढच्या वर्षी परत तिथेच अडकले असते. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि मला करायला लावलंत. लोणी फ्रिजमधून काढलेलं, दगड झालेलं, ते मायक्रोवेव्हमध्ये टाकायला निघाले तर तुम्ही हात धरलात. वितळलेल्या लोण्यात हवा धरत नाही, साखरेसोबत फेटताना जे बारीक बुडबुडे अडकतात तेच केकला हलका करतात, म्हणून बोटाने दाबलं तर खळी पडेल पण चकाकणार नाही इतपतच मऊ हवं. अंडीही गार घातली की लोणी आखडतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, म्हणून ती आख्खीच कोमट पाण्यात पाच मिनिटं. तरी फाटलंच तर चमचाभर मैदा टाक, घाबरू नको. हे "घाबरू नको" तुम्ही त्या रात्री किती वेळा म्हणालात.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, बाहेरून ब्राऊन पेपरची दुहेरी पट्टी सुतळीने बांधलेली. मला ते आधी उगाच वाटलं होतं. पण तीन तास आत राहणाऱ्या केकच्या कडांना तेवढं पांघरूण लागतंच, ती पट्टी मी आता कधी चुकवत नाही.

आणि मग केक आत गेल्यावरचे ते तीन तास. तसे तास माझ्या आयुष्यात फार नाहीत. बाहेर काळोख, लेक सोफ्यावर झोपलेली, आणि तुम्ही चहा घेत स्टोलनची गोष्ट सांगत होतात. जर्मनीत ड्रेस्डेनकडचा हा ख्रिसमसचा ब्रेड पूर्वी अगदी कोरडा असायचा, कारण नाताळच्या आधीच्या आठवड्यांत उपास, आणि उपासाला लोणी चालायचं नाही, मग तेल वापरायचे. तिथल्या राज्यकर्त्यांनी रोमला पत्र लिहिलं, आणि १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायची परवानगी देणारं पत्र पाठवलं, त्याला लोण्याचं पत्रच म्हणतात. "एवढ्याशा लोण्यासाठी माणसं पोपपर्यंत गेली," तुम्ही म्हणालात, "तू दोन केक वाया घालवलेस तर काय झालं." मी त्या दिवसात पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पानेतोने, म्हणजे इटलीचा ख्रिसमसचा गोड ब्रेड, ओव्हनमधून काढल्या काढल्या उलटा टांगून गार करतात हेही तेव्हाच कळलं, नाहीतर इतका मऊ आणि उंच ब्रेड स्वतःच्याच वजनाने खाली बसतो.

केक निघाला रात्री साडेबाराला. सपाट. मी किती वेळ नुसतं त्याच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, कुकीजसाठी, ते तर मी मागितलंही नव्हतं. लेकीला आल्याचे तारे करायचे होते आणि आमचे तारे दरवर्षी पसरून गोल व्हायचे. तिने तोपर्यंत तारा मागणंच सोडलं होतं, गोलच करूया म्हणायची, आणि मला ते फार लागायचं. तुम्ही पीठ लाटून झाल्यावर तसंच बटर पेपरसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलंत, मग कापलंत, आणि कापलेले तारे ट्रेवर ठेवून परत दहा मिनिटं आत. लोणी घट्ट राहिलं की ओव्हनमध्ये गेल्यावर ते वितळायच्या आधी कडा धरतात. सोडाही आम्ही दुप्पट घालत होतो, त्यानेही पसरतात हे माहीत नव्हतं. आणि काढताना मऊच काढायचे, कडक झालेत का बघत बसायचं नाही, गार झाल्यावर आपोआप कुरकुरीत होतात. लेकीने पहिला तारा हातात घेतला, त्याचे पाच कोपरे मोजले आणि तुम्हाला दाखवायला आणला. तुम्ही परत मोजलेत. ते मला इतकं आवडलं होतं काकू, की तुम्ही नुसतं "वा" म्हणून सोडून दिलं नाहीत, बोट लावून एक ते पाच मोजलेत.

२५ तारखेच्या जेवणाचंही तुम्हीच सोडवलंत, ते लिहायचं तर वेगळं पत्र होईल. चिकन मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ डिग्री झालं की शिजलं, मग बाहेर काढून झाकून अर्धा तास राहू दे, आणि तेवढ्या वेळात रिकाम्या झालेल्या ओव्हनमध्ये बटाटे. बटाटे आधी उकडून, पाणी काढून, भांड्यात जरा हलवून कडा खरबरीत करायच्या, मग गरम तुपात टाकायचे. एक ओव्हन आणि आठ माणसं, मला ते कोडं सुटतच नव्हतं, तुम्ही ते कागदाच्या मागे वेळा लिहून दोन मिनिटांत मांडून दिलंत. तो कागद अजून फ्रिजवर आहे. त्यावर तेलाचे डाग पडलेत, "२.१०" मधला शून्य पुसट झालाय, पण मला पाठ आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही मुलीकडे राहायला गेलात. सामान बांधताना मी थर्मामीटर परत द्यायला वर आले तर तुम्ही म्हणालात राहू दे, तुझ्या ओव्हनला त्याची सवय झालीये. तेव्हा मी नीट काही बोलले नाही, गळा भरला होता आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

तर सांगायचं होतं की तो रोज वापरात आहे. आणि फक्त माझ्याकडेच नाही. ज्या कोणी मैत्रिणीने म्हटलं माझा केक फुटतो, माझा केक बसतो, माझ्या हाताला जमत नाही, तिच्याकडे मी तो पर्समध्ये घालून घेऊन गेले. आजपर्यंत सहा ओव्हनमध्ये लटकवलाय, त्यातले दोनच बरोबर निघाले. एक तर पंचवीस डिग्री कमी होता, त्या बिचारीचे केक दर वेळी मधून बसायचे कारण ती वेळ झाली म्हणून आत धरायच्या आधीच काढत होती, आणि तिला वाटायचं बेकिंग पावडर जुनी आहे. आम्ही पावडरही बघितली, चमचाभर गरम पाण्यात टाकली, ती चांगली फसफसली. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर काटा बघितल्यावर जे येतं ना, ते मला ओळखीचं असतं.

यावर्षी दोन केक आहेत. एक रमचा, दर आठवड्याला दोन चमचे पाजत ठेवणार. दुसरा नुसत्या संत्र्याच्या रसातला, घरात रम न चालणाऱ्यांसाठी, तो तुम्ही सांगितलंत तसा अगदी शेवटच्या आठवड्यातच करणार, कारण त्याला महिनाभर बाहेर ठेवून मुरवायचं धाडस करायचं नाही. पुडिंगही पहिल्यांदाच करतोय, त्यात घरातल्या प्रत्येकाने एकदा पळी फिरवून मनात काहीतरी मागायची पद्धत आहे म्हणे, लेकीने तुमच्या वाटची पळीही फिरवली. काय मागितलं ते सांगत नाहीये.

रमच्या केकचा अर्धा तुमच्याकडे येतोय, बरोबर ताऱ्यांचा डबा. केक २४ पर्यंत कापू नका, त्याचा शेवटचा चमचा मी पाठवायच्या आदल्या दिवशी देणार आहे, त्याला थोडं राहायला हवं. तारे अकरा आहेत. दहा ठरले होते, पण वाटेत एखाद्याचा कोपरा मोडेल म्हणून लेकीने एक जास्त घातलाय. पोचलं की फोन करा, आणि या वेळी आधी मला बोलू द्या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची